याडीचा ढावलो

फुलसावंगी,
२८ मार्च २०२५

प्रिय ममताबाई,

जय सेवालाल. भाऊजींना नमस्कार, आणि आमच्या भाचीला, राखीला, नवरी म्हणून खास आशीर्वाद. इकडे हरभरा निघाला, गहू अजून उभा आहे. बापूंचे गुडघे दुखतात, कान आणखी कमी झाले, चहात साखर मात्र पूर्वीइतकीच लागते.

मोबाइल असताना हा पत्र काय लिहून राह्यला, म्हणून हसशील. हस. माझा मोबाइल झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि त्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. मोबाइल तपासून होईपर्यंत माझ्या नावाने फोटो, पत्रिका, काहीही आलं तरी उघडू नको. राखीलाही सांग. लग्नसराईत पत्रिकेच्या नावाखाली काय काय पाठवतात लोक.

त्याचं असं झालं. होळीच्या आधी पलीकडच्या तांड्यातले रामधनकाका लेंगीची गाणी पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आले. होळीची गाणी घेऊन पाहुणा दारात आला की त्याला कसं वागवायचं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. चहा सांगितला, पेन ड्राइव्ह लावला. लगेच पडद्यावर लाल चौकट आली: यात धोका आहे, उघडू नका. काकांनी चष्मा वर केला.

"काहून रे बादल, काही खराबी हाय काय आमच्या गान्यात?"

दुकानात माणसं बसलेली. त्यांच्यादेखत पाहुण्याला कसं म्हणायचं, की तुम्ही आणलेली वस्तू खराब आहे? "काही नाही काका," म्हणालो आणि व्हायरस अडवणारा प्रोग्रामच बंद करून टाकला. माझ्याच भिंतीवर पाटी आहे, पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गाणी वाजली, तांडा नाचला. दुसऱ्या दिवशी एकही फाइल उघडेना. पैसे पाठवा, मग चावी देऊ, असा मजकूर तेवढा पडद्यावर.

इथवर लिहिलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो. खरं तर गिऱ्हाईक नव्हतंच.

बाई, याडीचा ढावलो गेला.

तू सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे ढावलोचं रडणं गायली होतीस, ते आईनेच तुला शिकवलं होतं. मागच्या वर्षी, जायच्या आधी, दुकानाचं शटर ओढून माझ्यासमोर बसून तिने ते सगळं गायलं, मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मध्येच मला रडू आलं, तर गाणं थांबवून म्हणाली, "पाणी पी ले, बेटा," आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा उचललं. तेही त्यात आलं होतं. तू मागत राहिलीस, मी साफ करून पाठवतो म्हणत राहिलो. मोबाइल भरला म्हणून कॉम्प्युटरवर घेऊन तिथलं पुसलं. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर होती, पण ती डिस्क मी कधी काढलीच नाही, कॉम्प्युटरला लटकलेलीच असायची. व्हायरसने तीही धरली.

पुसदला संघदीप कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याच्याकडे नेलं. म्हणाला, "पैसे भरू नको, चोराचा काय भरोसा? अन् डिस्क काम झालं का काढून पेटीत ठेवा लागते रे." कधीकाळी या व्हायरसची चावी सापडलीच, तर उपयोगी पडेल, म्हणून जपून ठेव म्हणे. आता ठेवली आहे, याडीच्याच लोखंडी पेटीत. फाइलवर तिचं नाव दिसतं, उघडत नाही.

बापू रोज दुपारी दुकानात येतात, हेडफोन लावून बसतात. "लाव ना तिले. कायले थांबून राह्यला?" मी म्हणतो, लाइट नाही. डोक्यावर पंखा फिरत असतो. राखीच्या पाठवणीला तिची आजी गाणार, असं त्यांनी अख्ख्या तांड्याला सांगून ठेवलंय.

मनात पाप आलं होतं. तुझा आवाज तिच्यासारखाच. तुझ्याकडून गाऊन घ्यावं आणि याडी म्हणून बापूंना ऐकवावं. नको. तू राखीसाठी तुझ्याच तोंडाने गा, सगळ्यांसमोर. याडी गेली तेव्हा मी सोसलं गं, हे सोसवत नाही, कारण हे मी केलं.

बापूंना सांगितल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही असं ठरवलं होतं. आत्ता सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "पाणी पी ले म्हणे, ते बी गेलं?"

मी हो म्हणालो.

लग्नाच्या आधीच ये. येताना बाकी काही आणू नकोस, गळा तेवढा जपून आण.

तुझा
बादल