जुन्या तारांचा मळ

व्हर्लीन पोरी,

हे पत्र तुला पाठवायचं नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो. तुझ्या बाबाची बासष्ट सालची बेस गिटार तू मायेनं पुसलीस, जुन्या तारा पकडीनं तोडून नव्या चढवल्यास. तुला कुणी सांगितलंच नव्हतं, की आम्ही जुने बेसवाले तार तुटेपर्यंत बदलत नाही. सूर त्या मळातच मुरलेला असतो.

तुझ्या बाबाला, अलोन्झोला, आता तुझं-माझं नावही आठवत नाही. पण रविवारी मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली, की दोन सूर छेडून तो म्हणायचा, "टकल्या, अजून जिवंत आहेस होय!" तेवढ्यासाठी मी अख्खं मेम्फिस शहर ओलांडून जायचो.

गेल्या रविवारी नव्या तारा खणखणल्या. चटका बसल्यासारखा त्यानं हात काढून घेतला. "साहेब, हे कुणाचं हो?"

"माझंच," म्हणालो, नि गिटार घरी घेऊन आलो.

आता रोज तळलेली कोंबडी खाऊन तशाच तेलकट बोटांनी ती वाजवत बसतो. तुझी काकू म्हणते, "चळलाय म्हातारा!" म्हणू दे. तारा मळायच्या आत त्याच्या मनातून मी पुरता पुसला जाऊ नये, एवढंच.

तू त्याचे केस विंचरत जा, दाढी करत जा. गिटारीचं मी बघतो.

तुझा टकला काका,
थॅडियस