माझी खुर्ची आणि अर्ध्यावरची नदी

आदरणीय दादा (आणि त्याच्याच कोटात राहणारे मिशन समितीचे सचिव),

दोघांनाही सलाम. तुझा गुडघा आणि वहिनींचा दमा कसा आहे ते कळव. सचिवांची तब्येत उत्तम असणार, त्यांच्या पत्रावरून दिसतंच. इकडे पाळकसाहेब थोडे बारीक झालेत, मुलगी वीतभर वाढलीय आणि मी होते तशीच आहे, म्हणजे बिनखुर्चीची.

तक्रारीला इथूनच हात घालते. माझ्या लग्नात तू मला एक खुर्ची दिली होतीस. वेताची, हातांची, पाठ टेकता येईल अशी. त्या खुर्चीत मी अकरा वर्षांत मोजून चार वेळा बसले. त्यातल्या एका वेळी तर मी माळ्यावरचा डबा काढत होते, म्हणजे उभीच होते. जगात राज्यं बुडतात, माणसं उपाशी मरतात, मला सगळं ठाऊक आहे. पण माझ्या कमरेला वर्तमानपत्र वाचता येत नाही, त्याला मी काय करू?

याचं मूळ इथल्या लोकांच्या एका नियमात आहे. ज्याने आपलं सांगितलं त्याने समोरच्याचं तेवढंच ऐकायचं. सांगणारा उंचावर बसणार, ऐकणारे खाली. आणि अख्ख्या वस्तीत उंच बसायची जागा एकच, तुझा आहेर.

हा नियम आम्हाला आल्या आल्या कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं. पहिल्याच रविवारी ह्यांनी जलप्रलय सांगायला घेतला. तीन तास! (तुला तुझे मेहुणे माहीत आहेत, तारवात प्राणी एकेक करून चढवतात.) वस्ती हूं की चूं न करता ऐकत होती. शहरात दहाव्या मिनिटाला मनगटावरची घड्याळं वर येतात, त्यामुळे ह्यांचे डोळे भरून आले. प्रार्थना संपवून हे उठले, तशी वस्तीतली सगळ्यांत वयस्कर बाई, तिला सगळे मोठीआई म्हणतात, ती शांतपणे येऊन खुर्चीत बसली. म्हणाली, "आता तुम्ही खाली बसा पाळकबाबा. पाणी आमच्याकडेही आलं होतं." आणि तिने तिची नदी सुरू केली. तीही तीन तास.

तेव्हापासून हा व्यवहार चालू आहे. ह्यांचा उपदेश झाला की रविवारची दुपार मोठीआईची; राहिलेलं उरकायला ती आठवड्यात केव्हाही येते. उपदेश आखूड का झाले, असं सचिवांनी विचारलं होतं. श्रद्धा आखूड झाली नाही हो, मांडी घालून घालून पाय आखूड व्हायची वेळ आली! त्यात झोपेत ऐकलेलं इथे धरत नाहीत. हे दर उन्हाळ्यात एकदा तरी पेंगतात आणि म्हातारी निर्विकारपणे तो भाग पहिल्यापासून सांगते. वस्तीतली माणसं वाटेत ह्यांना गाठून विचारतात, "काय पाळकबाबा, नदी कुठवर आली?" आणि हसून हसून लोळतात. अकरा वर्षं झाली, नदी अजून डोंगर उतरलेली नाही.

आता आमच्या घरात हा नियम कसा घुसला ते ऐक. मुलगी सहा वर्षांची असताना ह्यांनी तिला खोटं बोलण्यावरून वीस मिनिटं झापलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग खुर्चीत चढून बसली आणि म्हणाली, "बाबा, आता माझी वीस." दिली बिचाऱ्यांनी. (न देऊन करतात काय? दारात चार बायका उभ्या होत्या.) पुढे मीही शिकले. आमच्या लग्नाच्या नवव्या वर्षी, दादा, एका भांडणात मी पहिल्यांदा वाक्य पूर्ण केलं. पूर्णविरामासकट. हे ऐकत होते. वाईट दिसत होते, पण ऐकत होते.

तर सचिवांनी विचारलेला आकडा. अकरा वर्षांत बाप्तिस्मा एक. तोही आमच्याच मुलीचा. तीसुद्धा जेवायला बसताना आधी प्रभूचे आणि मग हळूच नदीचे आभार मानते. उपस्थिती मात्र शंभर टक्के. पावसात, तापात, तान्ही पोरं घेऊन. ह्यांनी हे नोंदवहीत जसंच्या तसं लिहिलं. खोटं लिही म्हणणारा तुझ्या समितीत एखादा असेल, तर तो ह्यांना ओळखत नाही.

म्हणून इथलं मिशनचं ठाणं बंद करून ह्यांना शहरात शाळेवर घ्यायचं ठरतंय, असं तू लिहिलंस. योग्यच आहे. मी तर एका पायावर तयार आहे. तिथे नळ आहे, दवाखाना आहे, खुर्च्या तर ढीगभर. माझी काहीही हरकत नाही, असं समितीला खुशाल कळव.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. वरचा हरकतीचा परिच्छेद समितीला वाचून दाखवू नकोस. हे ठाणं बंद होता कामा नये, दादा. अर्धं ऐकून उठणाऱ्याला इथे चोर म्हणतात, आणि ह्यांना चोर म्हणवून घेऊन मी इथून निघणार नाही. मोठीआईच्या अंदाजाने नदी तीन वर्षांत खाली येईल. (हे जागे राहिले तर.) तीन वर्षं दे. आणि तिकडे मला माझी वीस मिनिटं कोण देणार आहे, तूच सांग.

ता. क. २. तुमच्या पत्राचं ऐकून मोठीआई आज सकाळी आली. मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं आमचं बरोबरीत आहे. पण पोरी, तू अकरा वर्षं चुलीपाशी बसून फुकट ऐकतेस. तुझं कुठाय?" मी म्हटलं, मला उपदेश येत नाही. ती म्हणाली, "मग जे कुणी ऐकून घेतलं नाही ते सांग." आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

तर मी बसले आणि सांगितलं. तू चौदाचा होतास आणि मी दहाची, तेव्हा चर्चच्या कपाटातला प्रभुभोजनाचा द्राक्षरस तू पिऊन टाकलास आणि बाटली लाल शाईच्या पाण्याने भरून ठेवलीस. रविवारी सगळ्या मंडळीच्या जिभा लाल. शाळेच्या वहीत लाल शाईने समास आखल्यामुळे माझी बोटंही लाल. बाबांनी मला दीड तास उभं करून सुनावलं. तू खिडकीत बसून पेरू खात होतास. माझी पाळी आली नाही.

तोवर जमलेली सगळी वस्ती ऐकत होती. मोठीआईने विचारलं, त्या मुलाचं पुढे काय झालं? मी म्हटलं, समितीचा सचिव झाला. बराच वेळ कोणी हसायचं थांबेना. मग ती म्हणाली, की आता त्याची पाळी. त्याने यावं आणि दीड तास सांगावं, आम्ही ऐकू.

तेव्हा ये. अडवणार कोणी नाही, फक्त झोपू नकोस. माझं देणं मी आज फेडलं. ही ओळ खुर्चीत बसून लिहितेय. मोठीआई अजून खाली बसलीय, उठ म्हणत नाही.