अर्धा कोयता

प्रिय अभिमन्यू,

पाच वेळा फोन लावला, उचलला नाहीस. म्हणून पत्र. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, इथं तुला ते जमायचं नाही.

परवा आमच्या युसूफ वडगावच्या बाजारतळावर तुझा सिनेमा बघितला. 'जगावेगळी माणसं' म्हणून छोटे छोटे माहितीपट दाखवणार, असं दोन दिवस रिक्षा ओरडत फिरत होती. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये पांढरा पडदा बांधलेला, सासरचं सगळं गाव पोती अंथरून बसलेलं. आधी विहिरीत बुड्या मारून लोकांच्या हरवलेल्या कळश्या काढणारे गहिनीनाथ दाखवले. मग आपली माय. वाऱ्यानं पडदा फुगला की तिचं तोंड सुजल्यासारखं दिसायचं, पोरं हसायची, मी दटावून गप्प केली. मोहिनीला म्हटलं, बघ, ही तुझी आजी, आणि हे तुझ्या मामानं केलंय. ऊर भरून आला होता माझा, खोटं कशाला सांगू.

आणि मग तुझा आवाज आला. नवरा गेल्यावर या बाईनं सहा हंगाम एकटीनं ऊस तोडला म्हणे. एकटीनं? जनाची नाही तर मनाची तरी ठेवायचीस. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, हे तुला नव्यानं सांगायला हवं का? अंगद मुकादम आपल्या दारात उभा राहून म्हणाला होता, "अर्ध्या कोयत्याला घिऊन काय करू? पुरा करा, मग गाडीत बसा." तो पुरा करायला मायनं मला सातवीतून काढलं. ती तोडायची, मी मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायचे. तुला आत्याकडे ठेवलं, कारण तुझं डोकं चालायचं. माझंही चालत होतं रे. सहावीला पहिली आले होते, तू विसरला असशील.

त्यात तो खुंटीवरचा शर्ट! किती वेळ दाखवलास, मागे बासरी लावून. 'पतीची आठवण' म्हणे. उसाच्या पाचटानं अंग कापतं म्हणून आबाचा तो शर्ट सहा हंगाम मी घातलाय. बाही माझीच फाटली, हिरव्या दोऱ्यानं मीच शिवली. तुझ्या कॅमेऱ्याला तो दोरा दिसला, मी दिसले नाही.

मायला जाब विचारायला गेले. ती खाली बघत म्हणाली, "पोरीला साळंतून काढलं, हे समद्यांपुढं कसं सांगू गं?" तिची लाज मला कळते. चिडले, पण कळते. तू तर तिला माझ्याबद्दल विचारलंही नाहीस. तुला सगळं माहीत होतं.

मला पडद्यावर यायची हौस नाही. तुझे दाजी ट्रॉलीवरून पडले, कंबर मोडून घरात आहेत. टोळी दसऱ्यानंतर निघणार. अर्धा कोयता पुरा करायला सासूबाईंना मोहिनी हवी आहे. दोन महिने मी आडवी येत होते, माझं काय झालं ते बघा म्हणत होते. सिनेमा बघून परतताना त्या वाटेतच म्हणाल्या, "तुजी माय एकली निभावली, तुझ्या संगं तर पोरगी हाय. मग रडती कावून?" एकट्या बाईला मुकादम घेतच नाही, हे कुणाला पटवू? पडद्यावर घेतलं ना! काल त्यांनी दाजींचा जुना शर्ट मोहिनीच्या मापाचा करून खुंटीला लावला. हे पत्र त्या शर्टासाठी लिहिलंय. रविवारी केजहून सकाळच्या गाडीनं मी मोहिनीला घेऊन पुण्याला येतेय. ती तुझ्याकडे राहील, आठवीची शाळा तू शोधायचीस. विचारत नाही, सांगतेय. माझ्या वाटची शाळा तू शिकलास, ती आता तिला दे. आणि माझा कोयता पुरा करायला यंदा माय येणार आहे, या वयात, स्वतःहून म्हणाली. स्टँडवर वेळेवर ये. कॅमेरा घरी ठेव.

तुझीच,
अक्का