ब्रेकवरचा तुझा पाय

आई, परवा तुझ्या नातवाच्या गाडीचं ब्रेक पेडल खाली जायला लागलं. गाडी जुनी झाली तरी विकायला तयार नाही. सोसायटीच्या गेटपाशी थांबून मला म्हणाला, बघ, पाय ठेवला की हळूहळू बसतंय. मग बायकोकडे वळून हसला, "आमच्या आजीला बोलवायला पाहिजे, पाय उचलायला." सून हसली. मीही हसले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

पनवेलच्या घरासमोर चिंचेखाली बाबांची टॅक्सी उभी असायची. पेडल मऊ लागलं की बाबा आधी त्यावर पाय ठेवून नुसते बसून राहायचे. भराभर दाबल्यावर घट्ट झालं तर नळीत हवा आहे म्हणायचे. धरून ठेवल्यावरही खाली जात राहिलं तर तेल गळतंय, मग एकेका चाकाच्या आतून बोट फिरवून ओल शोधायची. गळकं रबर बदललं की आत शिरलेली हवा काढायची, आणि त्याला माणसं दोन लागतात. एक खाली चाकाशी, एक वर पेडलवर. वरचं माणूस तू. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून तू ड्रायव्हरच्या जागी बसतेस, बाबा खालून ओरडतात, "दाब." तू दाबतेस. "धर." "धरलाय." ते चाकामागचा बारका स्क्रू सैल करतात, बुडबुडे फुटत तेल पेल्यात पडतं, स्क्रू आवळून झाला की मग "सोड". तोवर पाय उचलायचा नाही, उचलला तर बाहेरची हवा उलटी आत. या कामाला बाबा कुणा क्लीनरला बसवायचे नाहीत. "हिचा पाय म्हंजे कुलूप हाय," असं चारचौघांत सांगायचे आणि तू पदर तोंडाशी नेऊन खूश व्हायचीस. मासळीची पाटी डोक्यावरून उतरवून आलेली तू त्या सीटवर बसलीस की वेगळीच दिसायचीस. मला मात्र लाज वाटायची. मी शाळेत शिकलेली, मला वाटायचं, हिने घरात बसावं.

कोपरखैरण्याची माणसं मला बघायला आली तो दिवस. परत जाताना त्यांना आपल्याच गाडीने सोडायचं असं बाबांनी आधीच कळवलं होतं, म्हणून सकाळपासून चाक खोललेलं. पाहुणे लवकर आले. मी नवीन साडी नेसून खिडकीत उभी. बघते तर तू गाडीत, पोटरी उघडी, तळपाय काळा, आणि मुलाची आई दारात थांबून तुझ्याकडेच बघतेय. तू उठली नाहीस. "जा, बसा ओटीवर, मी आलेच," म्हणालीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माणसं ओटीवर चढल्यावर मी मागच्या दाराने बाहेर आले आणि चिंचेच्या आडून, कुणाला दिसणार नाही अशी, गाडीशी वाकून कुजबुजले. "उतर ना गं, शोभतं का हे?"

"थांब बाय. 'सोड' नाय बोललं अजून. हवा शिरल."

मी दंड धरून तुला ओढलं. जोरात ओढलं. पाय निसटला, आणि बाबा गाडीखालून बाहेर येईपर्यंत मी स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा होते.

"पाय उचललास?" बाबा सगळ्यांसमोर ओरडले. हवा परत काढायला डब्यात तेल उरलं नव्हतं, नवं मुंबईहून यायचं. तू एकदाच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंस.

"हां. उचलला. पावने आले, नाय ऱ्हावलं."

पाहुणे अंधार पडता पडता एसटीच्या थांब्यावर चालत गेले. मी रडले ते लग्न मोडेल म्हणून, तुझ्यासाठी नाही. मोडलं नाही. माझ्या सासऱ्यांना ती मोठी गंमत वाटली होती. मांडवात त्यांनी ती सांगितली, बारशाला सांगितली, गौरीगणपतीला तर ठरलेलीच. विहीण पाहुण्यांना बघून ब्रेक सोडते, म्हणायचे. तू सगळ्यांबरोबर हसायचीस. पण त्या दिवसानंतर बाबांनी तुला पेडलवर बसवलं नाही. नाक्यावरचा कोणीतरी पोऱ्या बसायचा आणि तू तेलाचा डबा धरून बाजूला उभी. मी बाळंतपणाला आले होते तेव्हा तू एकदा विचारलंस, "मी बसू का?"

"नको गो. तू पावने बघशील."

मी तिथेच होते, बाळ मांडीवर घेऊन. एका वाक्याचं काम होतं. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस, आणि तेच मला फार लागलं.

आता बाबा नाहीत, सासरे नाहीत, माझे यजमान नाहीत. खरं सांगितलं तर कोणाचं काही बिघडणार नाही. परवा गेटपाशी मी तोंड उघडलंही होतं. सून म्हणाली, "बिचाऱ्या घाबरल्या असतील हो." आणि मी म्हणाले, "तिला धीरच नव्हता मुळी."

हे मी स्वतःहून जोडलं, आई. सासऱ्यांच्या गोष्टीत ते कधीच नव्हतं.

हा कागद तुला पोचायचा नाही, हे कळतं. मुलाला मात्र वाचायला देता येईल, तो शेजारच्याच खोलीत आहे, अजून जागा आहे. देणार नाही. त्याने हसायचं थांबवून माझ्याकडे बघितलं तर, एवढ्याचीच मला अजून भीती वाटते.