जर्दाळू की मध

३ मार्च, सोमवार
आई रविवारी कायमची राहायला येणार. तिच्या खोलीला उबदार रंग हवा. बायको म्हणाली, निवड तू कर, पण शनिवारी भिंती रंगलेल्या पाहिजेत. नाहीतर आई आपल्या खोलीत आणि तू इथे फरशीवर. हसलो. रंगाची नजर मला जन्मजात आहे.

४ मार्च
सॅम्पलचे दोन डबे आणले: जर्दाळू आणि मध. डावीकडे जर्दाळूचा पट्टा मारला. मध्येच भावाचा फोन, आई आत्ताच बॅग भरून बसलीय. त्याला रंगशास्त्र समजावलं, त्याने फोन ठेवला. मग उजवा पट्टा मारला. वा! फरक जमीन-अस्मानाचा.

५ मार्च, सकाळी
जर्दाळूत आपुलकी आहे. मधातही आहे, पण हातचं राखून.
दुपारी: उलट वाटतंय.

६ मार्च
शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांना फरक दिसेना. चहा पाजला, तरी दिसेना. माणूस सज्जन, पण नजरेच्या बाबतीत आनंदीआनंद. बायको म्हणाली, पेंटरला काय सांगू? म्हटलं, मोठे निर्णय घाईत होत नसतात.

८ मार्च, शनिवार
पेंटर आला. मी मध म्हणालो. तो शिडी लावेपर्यंत जर्दाळू. मग पुन्हा मध. ठरलं की बोलवा, म्हणून निघून गेला. हल्ली लोकांना कामाची आस्थाच नाही.

९ मार्च, रविवार
आई आली. नुकताच तिचा मोतीबिंदू काढलाय. भिंतीकडे बघून म्हणाली, एकच रंग दोनदा कशाला फासलास रे? मी समजुतीने म्हणालो, डोळ्यांना अजून थोडे दिवस दे.
बायकोने मधाचा डबा उचलला. सील जसंच्या तसं. उघडलाच नव्हता मी. फोननंतर पुन्हा जर्दाळूतच ब्रश बुडवला असणार. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दोघी पदर आणि ओढणी तोंडाला लावून हसत होत्या.

संध्याकाळी
आईला आमची खोली फार आवडली. तिथला रंग बायकोने पाच मिनिटांत निवडला होता. आई म्हणते, मी आता इथून हलायची नाही.
माझी गादी इथे, दोन पट्ट्यांच्या मधोमध. पडल्या पडल्या नीट निरखून पाहिलं.
डावा जरा जास्त उबदार आहे.