उरलेला वाटा माझा

महाड, १४ मे १९८२

पोलादपूरच्या ओटीवर हे हाताला तेल लावून फणस फोडत होते. अजित आणि मीना तेव्हा लहान. ह्यांनी गऱ्यांचे वाटे घातले, तशी मीना म्हणाली, "मोठा वाटा तुमचाच ना बाबा? वकील ना तुम्ही!"

"वाटे घालणाऱ्याने शेवटी उचलायचं गो!"

मी कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली; तिथे मदर सांगतील तो नियम, एवढंच मला ठाऊक. तसं म्हटलं, तर हे म्हणाले, "तो हुकूम. सांगणाऱ्यालाही बांधतो, तो कायदा."

कायद्याचं तत्त्वज्ञान एवढंच असतं का? कोण जाणे. पण उरलेले बारके गरे किती चवीने खाल्ले ह्यांनी! अजून कौतुक वाटतं.

हे जाऊन वर्ष झालं. त्यांचं विधिशास्त्राचं जाड पुस्तक दोन्ही मुलांना हवंय. मलाही. समासात त्यांचं अक्षर आहे. ठेवून घेतलं तर मला कोण अडवणार? पण नको.

उद्या दोघं येतील. वाटे मी घातलेत: पुस्तक, काळा कोट, आरामखुर्ची. मीना धाकटी, तिने आधी उचलावं. मग अजितने. उरेल ते माझं. तोवर मी पुस्तकाकडे बघणारसुद्धा नाही.