तुतीवाल्या साहेबाची माणसं

सातारा,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय संयोगिता,

आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव. गुडघे सोडून माझी प्रकृती ठीक आहे. सदर बझारातल्या या इमारतीला लिफ्ट नाही आणि वरच्या मजल्यावरची बाई दिवसभर खुर्च्या ओढते. अकरा वर्षांनी आईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, मी मरायला टेकलेली नाही. कारण निव्वळ कामाचं आहे.

इंग्लंडात व्हिटलॉक नावाचे एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधली माझी एक मैत्रीण त्यांच्या शेजारी राहते. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले हे तिनं त्यांना सांगितलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांचा पूर्वज हेन्री व्हिटलॉक दोनशे वर्षांपूर्वी इकडे आला, तासगावजवळ जमीन घेऊन रेशमाच्या किड्यांसाठी त्यानं तुती लावली. पुढे त्याचं काय झालं, बायकोमुलं होती का, एवढंच म्हाताऱ्याला हवं आहे. त्यांच्या घरच्या कागदांत 'अविवाहित वारला' असं लिहिलंय म्हणे.

मला तरी दुसरं काय काम? सकाळी दूध, दुपारी शब्दकोडं. दार वाजलं तर पत्ता चुकलेला कुरिअरवाला असतो. लागले शोधायला.

इथल्या जुन्या दफनभूमीत साहेबाचं थडगं सापडलं. माणूस लावून बाभळी तोडून घेतल्या. दगडावर नाव, १८४१ साल आणि खाली इंग्रजीत, 'मागे कुणी नाही'. मी तिथंच खवळले. वीस वर्षं हा माणूस या मुलखात राहिला, जेवला, आजारी पडला. त्याच्या भाकरी कोण थापत होतं? किडे?

म्हणून गेल्या आठवड्यात एसटीनं तासगावला बाळासोभावजींकडे गेले. तुझे बाबा गेल्यावर प्रथमच. यंदा सुगीनंतर हेळवी येणार हे ठाऊक होतं, तीच वेळ साधली. तुला आठवतो का तो? बैलावर बसून यायचा आणि आपल्या घराण्याच्या सगळ्या पिढ्या चोपडीतून वाचून दाखवायचा. आता मोटारसायकलवर येतो. चोपडी तीच.

मी विचारलं, "तुतीवाल्या साहेबाचं काही लिहिलंय का कुणाकडे?"

"हाय की. तुमच्याच घरात हाय," म्हणाला आणि वाचलं. लखोजीची लेक भामा, तुतीवाल्या साहेबाच्या घरी. तिची लेकरं दोन, सुला आणि राणू.

मग मी भावजींवर तुटून पडले. म्हटलं, "त्या अडाणी माणसांनी आपली लेक साहेबासकट लिहून ठेवली. तुम्ही शिकलेसवरलेले! माझ्या मुलीनं मिरजेच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, तर तिचं नाव या चोपडीत का नाही?"

भावजी बेदाणे निवडत होते. वर न बघता म्हणाले, "आवं वैनी, आमी कवा न्हाई म्हनलो? तुमीच म्हनलासा."

"मी?"

"मंग काय मी? हितंच बसला हुता. 'मला लेक न्हाई, लिहू नका,' म्हनलासा. चा बी घेतला न्हाई त्या दिवशी."

मंगलजाऊबाई आतून ओरडल्या, "आन् आमी कोन तुमाला अडवनार? हापिसरबाई तुमी!"

सोमवार

काल इथं पेन ठेवलं.

भावजी खरं बोलले. अकरा वर्षं मी ज्याला त्याला सांगत आले की दीर-जावेनं माझ्या मुलीला तोडलं. सांगून सांगून माझाही विश्वास बसला होता. दहा वर्षं मी सिस्टर लोकांच्या हाताखाली शिकले, त्यांची गाणी अजून पाठ आहेत, आणि जावई ख्रिस्ती म्हटल्यावर तुला दारातून परत पाठवलं. बाबा जिन्यापर्यंत तुझ्यामागे आले होते. मी त्यांनाही हाक मारून आत बोलावलं. माहुलीच्या घाटावर त्यांना अग्नी दिला तेव्हा तू सगळ्यांच्या मागे उभी होतीस, हिरव्या साडीत. मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं दाखवलं.

हेळव्यानं चोपडी माझ्यापुढे सरकवली. बाबांच्या नावाखाली तीन ओळी कोऱ्या होत्या.

"रागात सांगितल्यालं आमी लगेच धरत न्हाई, बाई. जागा सोडतो," तो म्हणाला. "ही भामा बघा. आमच्या पणजोबाच्या बापानं चौदा वर्सांनी लिवलीया. शाई निराळी हाय." खरंच निराळी होती.

मी तुझं नाव सांगितलं. त्यानं लिहिलं. जावयाचं विचारलं. तुमची लग्नपत्रिका मी तुमच्यासमोर फाडली होती, पण नाव विसरले नव्हते. सायमन आवळे. तेही लिहिलं.

"लेकरं?"

"एक मुलगी," मी म्हटलं.

"नाव?"

मला सांगता येईना. तुला मुलगी झाली हे जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी 'पुरे' म्हणून फोन ठेवला होता. आता ती सात वर्षांची असेल. जाऊबाई दारात आल्या, त्यांना ठाऊक आहे, त्या सांगणारच होत्या. मी हात करून थांबवलं. म्हटलं, तिच्या आईला विचारते. भावजींनी माझ्याकडे पाहिलं आणि बेदाण्याची बशी पुढे केली.

व्हिटलॉकांना कळवलंय की तुमच्या साहेबाला बायको होती, तिचं नाव भामा, मुलं दोन. ते दगड बदलणार म्हणतात.

तुझा पत्ता जाऊबाईंकडून घेतला. नंबर मागायची हिंमत झाली नाही. माझा जुनाच आहे. हेळवी येत्या रविवारपर्यंत तासगावात आहे, मग कर्नाटकात उतरेल. पुन्हा चार-पाच वर्षांनी येईल, आणि मी अडुसष्ट वर्षांची आहे.

मुलीचं नाव काय ठेवलंस?

फोन केलास आणि तुला बोलता आलं नाही, तरी ठेवू नकोस. आधी मी बोलेन.

तुझी,
आई